उचल : कोणाची आणि कोणाच्या अंगावर

वारकऱ्यांना वेळापूर ठाऊक असते ते आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा माळशिरसनंतरचा मुक्काम म्हणून, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित असते अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन देवालयामुळे व देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीतील मराठी शिलालेखांमुळे. परंतु ज्यांचा चरितार्थ या पंचक्रोशीतील जमिनीवर चालतो, त्यांच्या लेखी वेळापूर हे सर्वप्रथम उसाच्या मुलखातले गाव आहे. आषाढात पालखी येथून भंडीशेगावकडे मार्गस्थ होते, त्याच सुमारास दूर आष्टी-पाटोद्याच्या माळरानांवर, पाथर्डीच्या डोंगरउतारावर आणि जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि येत्या हंगामासाठी तोडणीच्या टोळ्या बांधल्या जातात. पुढे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली, गव्हाणीत पहिली मोळी पडली, की माळशिरस तालुक्याच्या गावोगावी शेतकऱ्यांच्या बैठका भरतात. या दोन्ही ठिकाणी, एकमेकांना क्वचितच भेटणाऱ्या या दोन समाजांत, बोलणे एकाच शब्दाभोवती फिरत असते. तिकडे विचारतात, ‘औंदा उचल किती घेतली?’ आणि इकडे विचारतात, ‘यंदा पहिली उचल किती?’ शब्द एक, पैसा पुष्कळसा त्याच तिजोरीतला, परंतु पहिल्या प्रश्नात देणे बोलते आणि दुसऱ्यात येणे बोलते. आणि आमच्या व्यवहारभाषेतील या एका लहानशा शब्दाने एवढा मोठा भेद आपल्या पोटात कसा दडवून ठेवला आहे, हे सावकाशीने पाहण्यासारखे आहे.

‘उचलणे’ या क्रियेपासून निघालेला हा शब्द मराठीच्या व्यवहारात फार पूर्वीपासून मुरलेला असून त्याचा गोतावळा मोठा आहे. पेठेत मालाला ‘उचल’ असते, म्हणजे गिऱ्हाईक माल भराभर नेत असते; स्वस्त धान्य दुकानदार शासकीय गोदामातून धान्याची ‘उचल’ करतो; दबलेले मन किंवा दबलेला रोग ‘उचल खातो’; एखादी मागणी लोक ‘उचलून धरतात’; नकोशा अधिकाऱ्याची ‘उचलबांगडी’ होते. याच धातूच्या एका टोकाला ‘उचलेगिरी’ आणि ‘उचल्या’ हे शब्द आहेत, आणि त्यांतला दुसरा शब्द परकीय राजवटीने एका संपूर्ण जमातीच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का म्हणून कसा मारला, हे लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला तेच नाव देऊन महाराष्ट्राला दाखविले. पैशाच्या संदर्भात उचल म्हणजे काम होण्याआधी किंवा हिशेब पुरा होण्याआधी हाती घेतलेली रक्कम. या अर्थाला चोरीचा लवलेशही चिकटलेला नाही, हे खरे. तथापि ‘उचलली’ या क्रियापदात घेणाऱ्याचा हात दिसतो आणि देणाऱ्याचा दिसत नाही. रक्कम कोणी दिली, कोणत्या हेतूने दिली, तिच्या बदल्यात काय पदरात पाडून घेतले, हे सगळे त्या शब्दाच्या बाहेर राहते आणि आत उरतो तो फक्त घेणारा. माझ्या मते या शब्दाचा सगळा पुढचा इतिहास या एका व्याकरणात आहे.

आगाऊ पैशासाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. घराचा अथवा जनावराचा सौदा ठरला की ‘इसार’ किंवा ‘बयाणा’ देतात, आणि रूढीने असे मानले जाते की देणाऱ्याने सौदा मोडला तर त्याचा इसार बुडतो. म्हणजे इसाराने पैसे देणाराही बांधला जातो. कारागिराला सामान आणण्यासाठी ‘पेशगी’ देत. सरकार दुष्काळाच्या किंवा नापिकीच्या वर्षी रयतेला विहीर, बैल, बियाणे यांसाठी ‘तगाई’ देई, आणि १८८३ च्या जमीनसुधारणा कर्जांच्या व १८८४ च्या शेतकऱ्यांच्या कर्जांच्या कायद्याने त्या जुन्या फार्सी शब्दाला इंग्रजी अमदानीत नवे दस्तऐवजी रूप आले. आजच्या सरकारी कचेऱ्यांतून ‘अग्रिम’ हा शब्द चालतो. एसटीच्या वाहक-चालकांना दिवाळीला जी रक्कम मिळते आणि नंतर पगारातून हप्त्याहप्त्याने वळती होते, तिला मात्र अजूनही ‘सण उचल’ म्हणतात. या सण उचलीत कसलेही लांच्छन नाही. ती घेणाऱ्याला नोकरी सोडता येते, रजा घेता येते, आजारी पडता येते. उरलेली रक्कम त्याच्या हिशेबात लिहिलेली असते आणि तो आकडा त्याला ठाऊक असतो. आगाऊ पैसा घेणे ही गोष्ट स्वतःच्या गुणाने वाईट नाही, हे आरंभीच सांगून ठेवणे अवश्य आहे, कारण पुढे जे यावयाचे आहे ते पैशाच्या आगाऊपणामुळे आलेले नाही.

वेळापूर ज्यात मोडते तो सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका हा मूळचा पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीचा मुलूख. भोर तालुक्यातील भाटघरचे धरण आणि त्याच्या पाण्यावरचा नीरा उजवा कालवा यांनी त्याचे दैव पालटले. कालव्याचे पाणी येताच बागायतीचे कसब असलेले सासवडकडील माळी शेतकरी येथे येऊन वसले आणि १९३० नंतरच्या दशकात त्यांनी स्वतःच्या भागभांडवलावर माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनीच मालक होऊन चालविलेल्या साखर कारखान्यांचे ते या देशातील फार आरंभीचे उदाहरण होय. त्याच दशकात, १९३४ साली, चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना करून श्रीपूरला कारखाना आणला. स्वातंत्र्यानंतर प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखान्याचा जो पायंडा पडला, तो या बाजूला अकलूजच्या शंकरराव मोहिते पाटलांनी रुजविला. शेतकऱ्याच्या तोंडातला ‘उचल’ हा शब्द याच सहकारी परंपरेतून अर्थाने भरला गेला.

त्याचा उगम सरळ आहे. ऊस हा नाशवंत माल. तोडल्यावर तो चोवीस तासांत गाळला जावा हे उत्तम, कारण त्यानंतर वजन व साखर दोन्ही घटतात. साखर मात्र टिकाऊ आहे, आणि ती वर्षभर थोडीथोडी विकली जाते. तेव्हा उसाची खरी किंमत काय आली, हे साखर, मळी आणि बगॅस विकून हिशेब पुरा झाल्यावाचून कळावयाचे नाही. खासगी मालकाच्या कारखान्यात शेतकरी हा माल देऊन दाम घेणारा विक्रेता. सहकारी कारखान्यात तो सभासद, म्हणजे ऊसही त्याचा आणि कारखानाही त्याचा. आपल्याच घरातून, हिशेब पुरा होण्यापूर्वी, खर्चापुरती काही रक्कम काढून घ्यावी, तशी ती पहिली उचल. पुढे पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीला उरलेले हप्ते, आणि वार्षिक सभेत जाहीर झालेला अंतिम दर, असा तो क्रम. या अर्थाने हा शब्द अत्यंत प्रामाणिक होता, आणि त्यात सभासदाच्या मालकीचा स्वाभिमानही होता.

तो पैसा येत असे कोठून, हेही पाहिले पाहिजे, कारण तेथे आणखी एक उचल भेटते. कारखाना तयार साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवतो. राज्य सहकारी बँक किंवा जिल्हा बँक पोत्याचे मूल्यांकन ठरविते आणि त्याच्या ठराविक टक्क्यांइतकी रक्कम कारखान्याला देते. तिलाही साखर धंद्यात उचल असेच म्हणतात. त्या रकमेतून बँकेची जुनी कर्जे, व्याज आणि प्रक्रियेचा खर्च वळता होऊन जे उरते, त्यावर शेतकऱ्याच्या पहिल्या हप्त्याची मजल अवलंबून असते. आणि म्हणून मुंबईच्या बँकेने पोत्याचे मूल्यांकन शंभर रुपयांनी उतरविले की त्याची कळ वेळापूरच्या पारावर बसलेल्या माणसाला लागते. शेतकऱ्याच्या बिलातून शिवाय परतीच्या ठेवी, बिनपरतीच्या ठेवी, भागाचे हप्ते, निरनिराळे निधी, सोसायटीचे कर्ज अशा कपाती होत आल्या, आणि सभासदाचा मालकी हक्क जसजसा कागदावरच राहू लागला, तसतसा ‘उचल’ या शब्दाचाही रंग बदलत गेला. ज्या मालाचे वजन काट्यावर होऊन गेले, जो माल गाळला गेला आणि ज्याची साखर गोदामात पडून आहे, त्याचे दाम मिळणे ही मेहेरबानी आहे, असा भास त्या शब्दातून होऊ लागला. वस्तुतः माल आधी आणि पैसा मागून, हा व्यवहार असेल तर येथे कर्ज देणारा शेतकरी आहे आणि घेणारा कारखाना.

कायद्याने हे ओळखले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत किमान दर चुकता केला पाहिजे, आणि विलंब झाल्यास त्या रकमेवर दरसाल १५ टक्के व्याज लागू होते. १९७४ साली भार्गव आयोगाच्या शिफारशीनुसार त्याच आदेशात ५-अ हे कलम आले आणि हंगामाअखेर नफ्यातील वाटा शेतकऱ्याला द्यावा असे ठरले. २००९ साली ते वगळून ‘रास्त व किफायतशीर दर’, म्हणजे आज घरोघर ज्याला नुसते ‘एफआरपी’ म्हणतात, तो आला. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के, अथवा उपपदार्थ धरून ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा, हे सूत्र स्वीकारले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० रुपये असा दर केंद्राने ठरविला; त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने ही एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली होती, शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी तिला आव्हान दिले, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी पहिल्या उचलीचा आकडा जाहीर होतो, त्यासाठी वाहने अडविली जातात, आंदोलने होतात. या साऱ्या झगड्याचा मथितार्थ इतकाच की शेतकऱ्याने आपल्या उचलीला ‘उचल’ राहू दिले नाही. तिला त्याने हक्काचे दाम बनविले. बोली मात्र जुनीच राहिली, आणि राहो. शब्दामागची सत्ता बदलली की शब्द निरुपद्रवी होतो.

आता त्याच टनाच्या बिलातून वजा झालेल्या तोडणीच्या रकमेकडे वळावयाचे, कारण दुसरी उचल तेथे आहे.

ऊसतोड मजुरांच्या जगात नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मजुराला त्याच्या हत्याराच्या नावाने मोजणे, आणि त्यातही स्त्रीचे श्रम एका संख्येत विरघळवून टाकणे, ही या धंद्याची पहिली खूण आहे. कारखाना वाहतूकदाराशी करारनामा करतो आणि त्याला हंगामापूर्वी आगाऊ रक्कम देतो. ती रक्कमही बहुधा बँकेच्या कर्जातून उभी राहते. वाहतूकदार, म्हणजे पुष्कळ वेळा वेळापूरसारख्या गावातला ट्रॅक्टर बाळगणारा शेतकरीच, ती मुकादमाला देतो. मुकादम ती कोयत्याकोयत्याला वाटतो. हे मुकादम नावही लक्षात घेण्यासारखे आहे. मराठी दप्तरांतून गावच्या पाटलाला ‘मोकदम’ म्हणत असत; अरबी मूळ शब्दाचा अर्थ पुढे ठेवलेला, अग्रणी. रयत आणि सरकार यांच्यामध्ये उभा राहून वसूल जमविणारा तो मोकदम गेला, आणि मजूर व कारखाना यांच्यामध्ये उभा राहून माणसे जमविणारा हा मुकादम राहिला.

आषाढ-श्रावण हे कोरडवाहू मुलखातल्या गरिबाच्या घरी टंचाईचे महिने. पेरणी झालेली, धान्याची कणगी तळाला गेलेली, मुलांच्या शाळेचा खर्च, कोणाचे आजारपण, एखाद्या लेकीच्या लग्नाचे राहिलेले देणे. नेमक्या अशा वेळी मुकादम दारी येतो, हा योगायोग नव्हे. ज्या वेळी नाही म्हणणे सर्वांत अवघड असते, त्या वेळी श्रमाचा भाव ठरतो. उचल घेतली की माणूस त्या हंगामापुरता बांधला गेला, आणि त्या बांधिलकीला त्यांच्या बोलीत जो वाक्प्रचार आहे तो असा की ‘पैसे अंगावर हायेत’. शेतकऱ्याचे कर्ज सातबाऱ्यावर चढते, व्यापाऱ्याचे खतावणीत नावे पडते. ऊसतोड मजुराजवळ सातबाराही नाही आणि खतावणीही नाही, तेव्हा ते त्याच्या अंगावर चढते. सालगड्याची उचलही अशीच होती. पाडव्याला साल ठरावयाचे, उचल घ्यावयाची, आणि पुढल्या पाडव्यापर्यंत तो गडी त्या वाड्याचा. कोयत्याची उचल हे त्याच जुन्या सालाचे कारखानदारी रूप म्हटले पाहिजे, फक्त मालक दिसेनासा झाला.

या उचलीचे गणित एकदा मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या वाटाघाटींत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तो टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने एक लाख रुपयांची उचल घेतली असे धरू. ती फिटण्यासाठी त्या जोडीला सुमारे २७३ टन ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून वाहनात भरावा लागेल. दिवसाला दोन टन, हे प्रमाण भक्कम जोडीचे. तरी सुद्धा १३७ दिवस एकही दिवस न चुकता. हंगाम मात्र अलीकडे कित्येकदा चार महिन्यांच्या आतच आटोपतो. त्यात पाऊस येतो, कारखाना बंद पडतो, वाहन वेळेवर येत नाही, आणि मधल्या काळात पोटासाठी जी ‘खर्ची’ घेतली जाते ती याच हिशेबात मिळविली जाते. म्हणजे उचलीचा आकडा मोठा झाला म्हणून मजूर श्रीमंत झाला, असे जे बागायती भागात पुष्कळदा ऐकू येते, त्यात तथ्य नाही. उचल जितकी मोठी, तितकी ती हंगामाच्या कमाईच्या पलीकडे जाण्याचा संभव अधिक. पलीकडे गेलेल्या त्या रकमेचे नाव ‘बाकी’, आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की पुढील आषाढात नवी उचल देताना जुनी बाकी आधी वळती होते. अशा रीतीने एका वर्षाची उचल दुसऱ्या वर्षाच्या मजुरीला आपोआप गिळते.

एक दिवस कामावर गेले नाही तर तो ‘खाडा’, आणि पुष्कळ टोळ्यांत खाड्याची मजुरी बुडते एवढेच नव्हे, तर वर दंडही बसतो. पहाटेच्या काळोखात फडात उतरणारी, कमरेइतक्या पाचटात दिवसभर वाकून राहणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी आणि रात्री कोपीवर येऊन चूल पेटविणारी स्त्री पाळीच्या दिवसांतही विसावा घेऊ शकत नाही, कारण विसाव्याला दंड आहे आणि दंड उचलीत मिळविला जातो. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाली असल्याचे आढळले. या एका गोष्टीला कारणे अनेक आहेत, आणि खासगी दवाखान्यांचा लोभ हे त्यांतले लहान कारण नव्हे. परंतु तरुण वयात शरीराचा एक अवयव काढून टाकणे हे ज्या हिशेबात सोयीचे वाटू शकते, तो हिशेब उचलीचा आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. पैसे घेऊन टोळीच आली नाही, किंवा आली आणि अर्ध्या हंगामात रातोरात निघून गेली, अशा फिर्यादी सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांत वर्षानुवर्षे नोंदल्या जात आहेत. ट्रॅक्टरचे हप्ते डोक्यावर असलेला लहान वाहतूकदार यात अक्षरशः बुडतो, कारण कारखान्याला त्याने स्वतःच्या जमिनीवर जामीन दिलेला असतो. तो सावकार नाही. तो वेळापूरचा किंवा शेजारच्या एखाद्या गावचा चार-पाच एकरांचा धनी असतो, आणि त्याचा संताप समजण्यासारखा आहे. तथापि कोट्यवधींच्या या उलाढालीत, जेथे कारखाना, बँक आणि शासन हे तीन समर्थ पक्ष उपस्थित आहेत, तेथे जोखीम मात्र तळाच्या दोन दुबळ्या माणसांनी एकमेकांच्या अंगावर ढकलावी, अशीच ही साखळी रचलेली आहे. कारखाना मजुराला आपला नोकर मानीत नाही, तो मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, मी तर कमिशनचा धनी. उचल या शब्दात देणारा दिसत नाही असे वर म्हटले, ते व्यवहारातही असे तंतोतंत खरे आहे.

आगाऊ पैशाने माणूस बांधला जातो, हे कायद्याला फार पूर्वी कळलेले आहे. फक्त तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे काळानुसार बदलले. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे खेचण्याची सोय मालकांना करून दिली होती. पैसे परत कर किंवा काम कर, असा हुकूम होई, आणि तो न पाळल्यास सक्तमजुरीची कैद. करारभंगासारख्या दिवाणी बाबीला फौजदारी शिक्षा देणारा हा कायदा १९२५ पर्यंत जिवंत होता. पन्नास वर्षांनी, १९७६ साली, वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला, आणि त्याने व्याख्यांच्या कलमात अगदी आरंभी ‘अग्रिम’ शब्दाचीच व्याख्या केली. अशा अग्रिमापोटी जर माणसाला नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, किंवा दुसरे काम धरण्याचे अथवा हवे तेथे जाण्याचे त्याचे स्वातंत्र्य जात असेल, तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज रद्दबातल. १९८४ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले: मजूर सक्तीने राबविला जात आहे असे दिसले, तर ती सक्ती आगाऊ पैशापोटीच आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर राहील. हा कायदा आणि हा निकाल माळशिरसच्या फडाला लागू नाही, असे कोठेही लिहिलेले नाही.

तरीही प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असे मी म्हणणार नाही. टोळीत राहून चार पैसे मागे टाकणाऱ्या, मुलांना शिकविणाऱ्या जोड्या आहेत. एका मुकादमाकडे वर्षानुवर्षे सलोख्याने जाणारी कुटुंबे आहेत. आणि हंगामापूर्वीची उचल उद्या एकाएकी बंद केली, तर श्रावणातली त्यांची चूल कशावर पेटणार, याचे उत्तर बंदी घालणाऱ्याला द्यावे लागेल. सण उचल घेणारा एसटीचा वाहक आणि हंगामाची उचल घेणारा कोयता, यांच्यातला फरक रकमेचा नाही. वाहकाच्या हाती पगारपत्रक आहे. कोयत्याच्या हाती काही नाही. त्याने किती टन तोडला, किती खर्ची घेतली, किती खाडे पडले, किती बाकी राहिली, हे सारे मुकादमाच्या वहीत असते, आणि ती वही मुकादमाच्या खिशात.

याच सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत एक जुना दाखला आहे, आणि तो आठवणीत ठेवण्याजोगा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा आसपासच्या मुलखात पसरला. ते बंड मुख्यतः कागदांविरुद्ध होते, कारण लिहिणारा हात एकाच पक्षाचा होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला, आणि त्यात कर्जदार शेतकऱ्याला तीन साधे हक्क मिळाले: दिलेल्या रकमेची पावती, दरसाल हिशेबाचा उतारा, आणि मागेल तर नोंदींचे पासबुक.

ऊसतोड मजुरांसाठी आज गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, आणि कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये व तितकीच भर शासनाची, अशी त्याच्या निधीची तरतूद आहे. मजुरांना ओळखपत्रे देण्याचे कामही चालते. हा निधी ज्या काट्यावरच्या वजनावरून आकारला जातो, त्याच काट्यावर प्रत्येक खेपेसोबत शेतकऱ्याचे नाव आणि वाहनाचा क्रमांक नोंदला जातो, आणि त्याच नोंदीवरून शेतकऱ्याचे बिल निघते. त्या नोंदीत टोळीतल्या कोयत्यांची नावे घालणे, टनाचा हिशेब प्रत्येकाच्या खात्यावर चढविणे, उचल, खर्ची आणि बाकी त्याच उताऱ्यावर छापून दर पंधरवड्याला तो उतारा नवऱ्याच्या आणि बायकोच्या हाती वेगवेगळा देणे, याला आज एका पैशाचीही नवी यंत्रसामग्री लागत नाही. कारखाना, महामंडळ आणि साखर आयुक्तालय या तिघांपैकी कोणीही एकाने मनावर घेतले, तर येत्या कार्तिकात वेळापूरच्या शिवारात उतरणाऱ्या टोळीपासून त्याचा आरंभ होऊ शकतो.